मिसळणाच्या डब्यातील दोन इतिहास

गेल्या जून महिन्यात आम्ही एक साधा उद्योग केला. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आणि गरम मसाल्याच्या सामानाची बरणी घेऊन बसलो. त्यांतल्या प्रत्येक जिनसाचे दहा-दहा नग मोजून काढले आणि माती भरलेल्या नारळाच्या करवंट्यांत पेरले. जायफळ तेवढे एकच पेरले, कारण ते महाग! करवंट्यांवर खडूने नावे लिहिली. उजेड येईल पण पावसाची झोड लागणार नाही अशा बेताने त्या पडवीत मांडल्या आणि रोज हाताने पाणी शिंपडत राहिलो. शेजारच्या मुलांना या प्रकारात भलताच रस वाटू लागला. दालचिनीचा तुकडा आणि हिंगाचा खडाही पेरला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून तेही पेरले.

तिसऱ्या दिवशी मोहरी आणि मेथी वर आली. आठवडा उलटल्यावर ओवा आणि बडीशेप दिसू लागली. दहाव्या दिवशी धने उगवले. वाळक्या लाल मिरचीतून काढलेल्या बियांना जवळजवळ दोन आठवडे लागले. जिरे सर्वांत शेवटी आले, तेही दहांपैकी चारच. दुसऱ्या बाजूला मिरे, लवंग, वेलदोडे, जायफळ, दालचिनी, हळकुंड आणि सुंठ यांच्या करवंट्यांत महिनाभर पाणी घालूनही काही हालचाल झाली नाही. जायफळावर बुरशी चढली आणि हिंगाचा खडा मातीत विरून गेला.

मग आम्ही करवंट्यांच्या दोन रांगा केल्या. एका रांगेत रुजलेले, दुसऱ्या रांगेत न रुजलेले. दोन्ही रांगांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. मेथी किंवा धन्यासाठी कोणी आरमार पाठवल्याचे आपण इतिहासात वाचत नाही. मात्र मिरे, लवंग आणि जायफळ यांच्यासाठी जहाजे निघाली, किल्ले बांधले गेले आणि माणसे मारली गेली. पहिली रांग परसदारी वाढली, दुसरीवर कंपन्या उभ्या राहिल्या. ही विभागणी केवळ योगायोगाने पडली, की तिच्यामागे काही वनस्पतिशास्त्रही आहे? त्याचाच शोध या लेखात घ्यायचा आहे.

डब्यात नेमके असते काय?

प्रथम दुसऱ्या रांगेची थोडी झडती घेऊ. आपण ज्याला सरसकट ‘मसाला’ म्हणतो त्यात वनस्पतीचे निरनिराळे अवयव असतात. लवंग ही न उमललेली, वाळवलेली कळी होय. दालचिनी ही साल, तमालपत्र हे पान, केशर म्हणजे फुलातील स्त्रीकेसराचे टोक, हिंग हा मुळातून पाझरणारा चीक आणि दगडफूल तर फूल नसून शैवाक आहे. यांतून रोप उगवण्याचा प्रश्नच येत नाही. लवंगेचे खरे बी तिच्या पिकलेल्या फळात असते. पण आपण कळीच खुडतो, त्यामुळे ते बी बाजारात येतच नाही.

हळद आणि सुंठ हे जमिनीखालचे खोड. ओल्या आल्याला डोळे फुटतात हे आपण घरोघर पाहतो. परंतु सुंठ वाळवलेली असते आणि हळकुंड तर वाळवण्यापूर्वी शिजवलेले असते. शिजलेला डोळा कसा फुटणार? मिरे वेलावर पुरते पिकण्याआधीच तोडतात आणि उन्हात वाळवतात.

राहिले जायफळ. ते मात्र खरोखरीचे बी आहे, आणि चांगले टपोरे, अन्नाने भरलेले बी आहे. मोहरीचा एवढासा दाणा रुजतो आणि हे एवढे मोठे बी का रुजत नाही? येथे आपण खऱ्या मुद्द्याशी येऊन पोचतो.

सुकून जगणारे बी आणि सुकून मरणारे बी

बी म्हणजे वाळलेली वस्तू, अशी आपली समजूत असते. धान्य, कडधान्य, पालेभाज्यांचे बी यांच्या बाबतीत ती खरी आहे. ही बीजे पक्व होताना आपल्या अंगातले बहुतेक पाणी टाकून देतात. पाणी कमी होत असताना पेशींमध्ये काही विशिष्ट शर्करा व प्रथिने साठतात. ती पेशीपटलांना आधार देतात आणि पेशीतील द्रव काचेसारखा घट्ट होतो. चयापचय जवळजवळ थांबतो. अशा अवस्थेत बी वर्षानुवर्षे तग धरते आणि पाणी मिळताच जागे होते.

सगळ्या झाडांनी मात्र ही युक्ती उचललेली नाही. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलांत बारा महिने ओल असते. तेथे बी सुकवून ठेवण्याची गरजच काय? फळ गळाले की लगेच रुजायचे, ही तेथील अनेक झाडांची रीत. त्यांचे बी झाडावरून पडते तेव्हाही ओले व जिवंत चयापचय चालू असलेले असते. ते सुकले की पेशीपटले फाटतात आणि बी मरते. आंबा, फणस, कोको यांची बीजे अशी आहेत, आणि जायफळही याच गोत्रातले. ताजे जायफळ कवचासकट काढून लगेच ओल्या मातीत घातले तर रुजते. आठवडा-दीड आठवडा कोरडे राहिले तर बहुधा नाही. वाण्याकडचे जायफळ तर कवचात खुळखुळेपर्यंत वाळवलेले असते. ते बी नव्हे, बियाचे कलेवर होय.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये या दोन प्रकारांना ‘ऑर्थोडॉक्स’ आणि ‘रिकॅल्सिट्रंट’ अशी नावे दिली. आपण त्यांना सोयीसाठी ‘सोशीक’ आणि ‘हट्टी’ बी म्हणू. काही बीजे या दोहोंच्या मधली असतात. मिऱ्याचे आणि वेलदोड्याचे बीही सुकले की लवकर निकामी होते.

या फरकाचा इतिहासाशी संबंध असा. सोशीक बियांच्या मसाल्यात माल आणि बियाणे एकच असते. जो धने विकतो तो, त्याला हवे असो वा नसो, धन्याची शेतीही विकतो. हट्टी बियांच्या मसाल्यात विकणारा केवळ चव विकतो. झाड त्याच्यापाशीच राहते.

ज्याला कोणी पहारा दिला नाही

धन्याचे उदाहरण घेऊ. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेश हे त्याचे जुने घर. इजिप्तचा राजा तुतानखामन इ. स. पूर्व १३२३ च्या सुमारास मरण पावला. त्याची कबर १९२२ मध्ये उघडली तेव्हा आतल्या वस्तूंमध्ये धनेही निघाले. आपल्याकडे पाणिनीच्या अष्टाध्यायीत धन्याचे ‘कुस्तुंबुरु’ हे नाव आले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ तो या देशात परिचयाचा आहे. तो येथे कोणी आणला, कोणत्या वाटेने आणला, त्याबद्दल कोणाला इनाम मिळाले, अशी एकही कथा नाही. असण्याचे कारणही नाही. गाठीला बांधलेले मूठभर धने पुढच्या मुक्कामी सांडले, पाऊस पडला, आणि झाले!

धने लावण्याची घरगुती पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. धन्याचा दाणा हे बी नसून फळ आहे आणि त्यात दोन बिया जोडीने असतात. म्हणून जुनी माणसे पेरण्यापूर्वी धने हलकेच रगडून त्यांच्या दोन फोडी करतात आणि रात्रभर भिजत घालतात. एका दाण्यातून दोन रोपे मिळतात आणि उगवणही लवकर होते. ऊन वाढले की कोथिंबीर पाने आवरते घेऊन फुलावर येते. घरातल्या बाईला मग कोथिंबिरीऐवजी धने मिळतात, आणि पुढच्या हंगामाचे बियाणेही. मोहरी, मेथी, ओवा, बडीशेप यांची कथा थोड्याफार फरकाने हीच.

पाऊस कसा न्याल?

मिऱ्याची गोष्ट निराळी. मिरवेल मूळचा सह्याद्रीच्या दक्षिण भागातील ओल्या जंगलांतला. इजिप्तचा फेरो दुसरा रामसेस इ. स. पूर्व १२१३ मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरे सापडले आहेत. इ. स. ४०८ मध्ये गॉथ राजा ॲलरिक याने रोमला वेढा घातला तेव्हा वेढा उठवण्यासाठी सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी मागितली. म्हणजे दीड हजार वर्षांहून अधिक काळ युरोप मिरी खात होता. या काळात मिऱ्याचे कोट्यवधी दाणे तेथे गेले, पण मिऱ्याचा एक वेलही गेला नाही. गेला असता तरी तेथील थंडीत टिकला नसता. मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला तो याच दाण्यांच्या ओढीने.

केरळात एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगीज मिरवेलीचे फाटे घेऊन निघाले आहेत, हे ऐकून कालिकतच्या सामुद्री राजाचे दरबारी घाबरले. राजा मात्र शांत होता. ते वेल नेतील, पण आमचा तिरुवातिरेचा पाऊस कसा नेतील, असे तो म्हणाला. तिरुवातिरा म्हणजे आपले आर्द्रा नक्षत्र. ही कथा घडली असो वा नसो, तिच्यात शेतकऱ्याचे निरीक्षण आहे. मिरवेल पहिल्या पावसात नवी पालवी घेतो आणि त्याबरोबरच फुलोऱ्यावर येतो. परागकण पसरण्यास पावसाच्या थेंबांची मदत होते, असेही मानतात.

सहाशे कोसांची नव्हे, पाच बेटांची मक्तेदारी

जायफळाची गोष्ट याहून भीषण आहे. जायफळाचे झाड मूळचे इंडोनेशियातील बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरचे. सतराव्या शतकाच्या आरंभी जगातील जवळजवळ सारे जायफळ आणि जायपत्री तेथूनच येई. (जायपत्री म्हणजे जायफळाच्या कवचावरचे लाल जाळीदार आवरण.) बांदाचे लोक येईल त्या व्यापाऱ्याला माल विकत. जावा, अरब, चिनी, गुजराती सगळेच त्यांचे गिऱ्हाईक होते. डच ईस्ट इंडिया कंपनीला हे मान्य नव्हते. साऱ्या मालावर तिचा एकटीचा हक्क हवा होता.

इ. स. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून याने बांदावर स्वारी केली. बेटावरच्या चाळीसहून अधिक पुढाऱ्यांचा शिरच्छेद करण्यात आला. गावे जाळली गेली. कित्येक लोक डोंगरात उपासमारीने मेले, कित्येकांना गुलाम म्हणून नेण्यात आले. स्वारीपूर्वी बेटांची वस्ती सुमारे पंधरा हजार होती असा अंदाज आहे. नंतर जेमतेम हजारभर मूळ रहिवासी उरले. मग जायफळाच्या बागांचे ६८ तुकडे पाडून ते डच वसाहतवाल्यांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. यांपैकी रन नावाच्या बेटावर इंग्रजांचा दावा होता. १६६७ च्या ब्रेडा येथील तहात इंग्रजांनी तो सोडला, आणि डचांनी अमेरिकेतील मॅनहॅटनवरचा आपला दावा सोडला. आज न्यूयॉर्कचा मध्यभाग जेथे उभा आहे तेच हे मॅनहॅटन.

लवंगेच्या बाबतीतही कंपनीने हेच केले. लागवड अंबोन व आसपासच्या मोजक्या बेटांपुरती ठेवून इतर बेटांवरची लवंगेची झाडे तोडण्याच्या मोहिमा काढल्या. बाहेर जाणारे जायफळ चुन्याच्या पाण्यात बुडवले जाई. चुन्याने कीड लागत नाही. पण त्यामुळे ते रुजणार नाही, असाही त्यात हेतू होता असे सांगतात. खरे पाहता त्या चुन्याची गरजच नव्हती. जहाजातल्या महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात बी आपोआप मरत होते. कंपनीच्या तोफांना आणि हुकूमनाम्यांना निसर्गाचे असे साह्य होते.

एका चोराला मात्र कंपनी आवरू शकली नाही. तो म्हणजे जायफळ खाणारे मोठे कबुतर. हा पक्षी लालभडक जायपत्रीसाठी बी गिळतो आणि जवळच्या बेटावर उडून जाऊन कठीण बी टाकून देतो. त्याच्या प्रवासाला काही तासच लागतात, त्यामुळे बी ताजेच राहते. आपल्याकडे सह्याद्रीत रानजायफळाच्या बिया धनेश पक्षी अशाच रीतीने पसरवतो.

कुलूप उघडले, पण कोणासाठी?

हट्टी बी पळवायचे तर ते ओलेच न्यायला हवे, किंवा थेट रोप न्यायला हवे. हे काम चिकाटीने केले पिएर प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने. गंमत अशी की, ‘प्वाव्र’ या शब्दाचा फ्रेंच अर्थच मिरी. १७५० च्या दशकात त्याने मिळवलेली मोजकी रोपे आजच्या मॉरिशसमध्ये जगली नाहीत. पुढे तो त्याच बेटाचा अधिकारी झाला. १७७० व १७७२ मध्ये त्याने पाठवलेल्या मोहिमांनी जायफळ व लवंगेची रोपे आणि वाटेतच मातीत रुजत घातलेली बीजे मॉरिशसला आणली. त्यानंतर लवंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झांजिबारला गेली. इकडे १७९६ मध्ये इंग्रजांनी मसाल्याची बेटे ताब्यात घेतली. तेव्हा ख्रिस्तोफर स्मिथ या वनस्पतितज्ज्ञाने जायफळ-लवंगेची हजारो रोपे पेनांगला धाडली. पुढे जायफळ वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाला पोचले. आज त्या देशाच्या ध्वजावर जायफळाचे चित्र आहे.

समुद्रातून रोपे नेण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो नाथानिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरामुळे. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाऐवजी बाटलीत नेच्याचे रोप आणि गवत उगवले. बाटलीतील पाणी वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये त्यांतून रोपे इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला सुखरूप पोचवली. जलचक्र शिकवताना बरणीतील बाग आपण मुलांकडून करवून घेतो. तिचा जन्म असा झाला.

मक्तेदारी मोडली म्हणून राबणाऱ्यांचे भले झाले, असे मात्र नाही. झांजिबारच्या लवंगेच्या बागा एकोणिसाव्या शतकात गुलामांच्याच श्रमावर चालत होत्या. झाड एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेले, एवढेच. सामान्य माणसाच्या परसात ते आले नाही.

मिऱ्याचे नाव घेऊन आलेली पाहुणी

आता पहिल्या रांगेतील एका करवंटीकडे परत जाऊ. ती करवंटी मिरचीची. मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत तिची लागवड सहा हजार वर्षांपूर्वीपासून होत आली आहे. कोलंबस मिरी शोधायला निघाला आणि त्याला मिरची सापडली. तेथील लोकांची मिरी म्हणून त्याने आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली. युरोपीय भाषांत मिरचीला मिऱ्याचेच नाव मिळाले आणि आपल्याकडेही तेच झाले. मिरीवरून मिरची, तर कोकणीत ‘मिरसांग’. पुढे एका बारीक तिखट मिरचीला आपण ‘लवंगी’ म्हणू लागलो. नवख्या पाहुणीला घरातल्या जुन्या माणसांची नावे मिळाली.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांबरोबर मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स याने १५४२ मध्ये वनस्पतींचा सचित्र ग्रंथ छापला. त्यात मिरचीला ‘कालिकतची मिरी’ असे नाव दिले आहे. म्हणजे पन्नास वर्षांत अमेरिकेचे हे झाड भारताचे समजले जाऊ लागले! चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात पाककृती आहेत. त्यांत तिखटपणासाठी मिरी व आले येते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘ऐन-इ-अकबरी’तील शाही पदार्थांच्या यादीतही मिरीच आहे. आज मात्र मिरचीविना भारतीय जेवणाची कल्पना करता येत नाही आणि जगात सर्वांत जास्त वाळकी मिरची भारतातच पिकते.

हा पालट इतका सहज कसा झाला? करवंटीत त्याचे उत्तर आहे. मिरचीचे बी सोशीक आहे. वाळलेल्या फळात ते दोन-तीन वर्षे जिवंत राहते. एका मिरचीत कितीतरी बिया असतात. एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असल्याने एकटे झाडही फळ धरते. लावल्यापासून तीन-चार महिन्यांत मिरच्या लागतात. जायफळाला फळ यायला सहा-सात वर्षे लागतात, आणि नर-मादी झाडे वेगळी असल्याने तोवर आपण पोसलेले झाड नर निघणार की मादी, हेही कळत नाही. मिरी ज्याला परवडत नव्हती त्याला मिरचीने त्याच्याच उंबऱ्यापाशी तिखट मिळवून दिले. ज्याने मूठभर वाळल्या मिरच्या विकत घेतल्या त्याला पुन्हा घ्याव्या लागल्या नाहीत. मिरचीच्या चोरीची कथा आमच्या वाचनात कोठे आलेली नाही. तिला चोरावे लागलेच नसावे.

तिखटपणामागेही बीजप्रसाराचेच गणित आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे रसायन सस्तन प्राण्यांच्या उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवते. या संवेदकाचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये लावला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांचा हाच संवेदक कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपटाला मिरची तिखट लागत नाही ती यामुळे. उंदीर-घुशी बी चावून नष्ट करतात, तर पक्ष्याच्या पोटातून ते अखंड बाहेर पडते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या रानमिरच्यांवर झालेल्या अभ्यासातून २००१ मध्ये हे स्पष्ट झाले. सस्तन प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी घडलेले हे रसायन एका सस्तन प्राण्याला इतके आवडले, की त्याने मिरची जगभर लावली.

हळद : तिसरी वाट

हळदीचे गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यामुळे तिच्यात बी सहसा धरत नाही. आज आपण लावतो ती हळद एका कंदाचा तुकडा, त्याचा पुन्हा तुकडा अशा साखळीने हातोहात आलेली आहे. हरियाणातील फर्माना या हडप्पाकालीन गावी हळद व आल्याचे स्टार्चकण आढळल्याचे संशोधकांनी २०१० च्या सुमारास सांगितले. तेव्हापासून दर वर्षी कोणी ना कोणी बेण्यासाठी चार गड्डे बाजूला राखून ठेवले, म्हणून हळद आपल्यापर्यंत आली. एक वर्ष सर्वांनीच सगळी हळद शिजवली असती तर ती संपली असती.

आजचे कुलूप

हा सारा इतिहास मागे पडला असे समजू नये. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार येथे २००८ पासून जगातील पिकांचे बी गोठवून राखले जाते. तेथे सोशीक बीच ठेवता येते. मिरी व जायफळ यांचे वाण राखायचे तर जिवंत झाडेच सांभाळावी लागतात. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेत मिरीच्या वाणांचा मोठा संग्रह अशा जिवंत वेलींच्या रूपाने जपलेला आहे. हिंग आपण रोज फोडणीत घालतो, पण तो आपल्याकडे पिकत नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या संस्थेने हिमाचलातील लाहौल खोऱ्यात त्याची पहिली रोपे लावली.

उलट परसदारच्या मिरचीला एक नवे कुलूप लागले आहे. बाजारातील पुष्कळशी मिरची आता संकरित बियाण्याची असते. तिचे बी रुजते, पण पुढची पिढी एकसारखी येत नाही. म्हणून बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. २००१ च्या कायद्याने आपल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क वापरायचा तर राखण्याजोगे बी हाती असले पाहिजे. भिवापुरी, संकेश्वरी किंवा गोव्याच्या खोल्याची मिरची ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपली, त्यांनी नेमके हेच काम केले आहे.

वर्गात काय करता येईल?

आम्ही केलेला उद्योग कोणत्याही शाळेत फुकटात करता येतो. मुलांनी घरून चिमूटभर सामान आणावे. प्रत्येक जिन्नस वनस्पतीचा कोणता अवयव आहे, हे आधी ओळखावे, तो रुजेल की नाही याचा अंदाज लिहावा आणि मग पेरावा. चुकलेले अंदाज फळ्यावर मांडून चर्चा केली तर वनस्पतिशास्त्र आणि इतिहास यांचे दोन तास एकत्र होतात. एक सूचना महत्त्वाची : खसखस पेरू नये. ते अफूच्या झाडाचे बी असून परवान्याशिवाय त्याची लागवड करणे गुन्हा आहे.

दुसऱ्या रांगेतील काही पाहुण्यांनाही आज घरी बोलावता येते. हळकुंडाऐवजी ओल्या हळदीचा डोळा असलेला तुकडा मे-जूनमध्ये कुंडीत लावावा. मिरवेलीच्या फळे धरणाऱ्या आडव्या फांदीचे छाटकलम केले तर वेल न होता झुडूप होते. ही झुडपी मिरी अर्धवट सावलीत, गॅलरीतल्या कुंडीतही मिरे देते. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची कलमे वाढतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ असे त्याचे वाणही काढले आहेत. मादी झाडाचे कलम लावले की नर-मादीचा घोळ राहत नाही.

आमच्या पडवीतल्या मिरच्या आता फळांवर आल्या आहेत. पहिली लाल झालेली मिरची तोडायला मुले उतावीळ झाली होती. तिखट करण्यापूर्वी त्यांनी तिचे बी मोजले, कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडीवर तारीख घातली. जायफळाची रिकामी करवंटी त्यांनी फेकू दिलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात कोकणातून ताजे जायफळ ओल्या भुशात गुंडाळून आणायचे, असे ठरले आहे.